ओगल्यांची काळी दोन

दुपारी जेवणं झाली की मी आडवी होते. झोपत नाही, आडवी होते. झोपायला घरात शांतता लागते, आणि आमच्या घरात कीर्तनकारांची दुसरी पिढी घसा खाकरते आहे. पलीकडच्या खोलीत निरंजन, माझा मुलगा, सूर लावतोय. सूर कसला, तेल न घातलेली बिजागरी. चाळिशी उलटलेला बाप्या, दोन पोरींचा बाप, आणि गेला महिनाभर अळणी जेवतोय. का, तर घसा बसलाय आणि तो दत्तमहाराजांच्या कृपेने उघडायचा आहे. मी त्याच्या समोर बसून मीठ घातलेली आमटी भुरकते. मुद्दाम मोठ्याने भुरकते.

उद्या त्याच्या वडिलांची पुण्यतिथी. देवळात निरंजनचं कीर्तन आहे, आणि तो ते काळी दोनमध्ये गाणार आहे. डॉक्टरांनी त्याला स्वच्छ सांगितलंय, स्वरतंतूंवर गाठी आहेत, पट्टी खाली आणा, नाहीतर गाणं सोडाच, बोलणंही जाईल. आज सकाळी बेसिनमध्ये तो थुंकला ते मी पाहिलं. घाईघाईने नळ सोडला त्याने.

"काही नाही आई, पान खाल्लं होतं," म्हणाला.

पान तो खात नाही. खोटं बोलण्यातसुद्धा पोराला बापाची सर नाही.

काळी दोन म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल गाईचं नाव आहे. पेटीवरची डावीकडून दुसरी काळी पट्टी. तिथे आपला सा धरून गायचं. पुरुषाच्या गळ्याला ती उंचच. कीर्तनचंद्र वासुदेवबुवा ओगले, म्हणजे आमचे हे, तिशीत त्या पट्टीत गायचे आणि सत्तरीतही त्याच पट्टीत गायले, अशी आख्यायिका आहे. 'चंद्र' ही पदवी यांना कुणी दिली आणि तिचं पत्रक कुणी छापून घेतलं, तो विषय वेगळा. पन्नाशीनंतर यांचा आवाज फुटला. वर चढला की चिरफाळ्या. तेव्हा हे दत्ताच्या देवळात अनुष्ठानाला बसले. मौन पाळलं, अळणी खाल्लं, आणि उठले ते पुन्हा काळी दोनमध्ये गातच. पुढे अठरा वर्षं प्रत्येक कीर्तनात हीच गोष्ट. आख्यान कुठलं का असेना, प्रल्हाद असो की सुदामा, मध्येच हात वर करून ओरडायचे, "महाराजांनी माझी पट्टी मला परत दिली हो!" बायका डोळे पुसायच्या. मी शेजारी पेटीवर बसून भाता हलवायचे.

आता खरं सांगते. हे अनुष्ठानाला बसले होते तेव्हा मी मिरजेला जाऊन सरकत्या पट्ट्यांची पेटी करून आणली. त्या पेटीत पट्ट्यांची अख्खी फळी सरकते. बोट काळी दोनवरच ठेवायचं, पण फळी एक खाच सरकवलेली असली की सूर निघतो एक पायरी खालचा. हे देवळातून उठून आले, मी फळी सरकवून बसले. यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, काळी दोन दिसली, गायले. काही वर्षांनी गळा आणखी उतरला, मी आणखी एक खाच सरकवली. पुढे आणखी एक. शेवटी कीर्तनचंद्र गात होते ती साधी पांढरी एक. तबलजी गावोगावचे, मी देईन त्या सुराला तबला लावणारे. एकाने फक्त विचारलं होतं, "वहिनी, ही काळी दोन वाटत नाही." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो हातोडी घेऊन मुकाट तबला ठोकत बसला. श्रोत्यांची तर बातच नको. लोकांना पट्टी कानाने कळत नाही, डोळ्यांनी कळते. पुढच्या रांगेतले जाणकार माना लांब करून माझी बोटं बघायचे आणि एकमेकांना कोपराने ढोसायचे. काळी दोन! या वयात! असले हे जाणकार आणि असला यांचा चमत्कार.

हे गेले आणि मी पेटी बंद केली. ती खोळ घालून माझ्या खाटेच्या पायथ्याशी आहे. निरंजनच्या साथीला मंडळाची साधी पेटी असते, तिची काळी दोन खरीखुरी. त्या खऱ्या पट्टीत तो स्वतःचा गळा किसतोय, आणि किसला गेला की म्हणतो, माझी निष्ठा कमी पडते. मोबाईलमध्ये म्हणे पट्टी दाखवणारं काहीतरी असतं. बापाचं शेवटचं एखादं कीर्तन त्यावर लावून पाहिलं असतं तर सगळं बाहेर पडलं असतं. पण श्रद्धा असली की मोबाईल खिशातच राहतो.

मी सांगितलं तर त्याचा चमत्कार करणारा बाप जाईल, आणि नाही सांगितलं तर त्याचा गळा जाईल. सांगायला रोज तोंड उघडते आणि आमटी भुरकते. आता उद्या कीर्तन.

पंखा फिरतोय. पलीकडे निरंजनचा सा फाटतो, सांधला जातो, पुन्हा फाटतो. मी डोळे मिटते, आणि तो थांबतो.

"सुटले बाई," मी म्हणते.

"कोण सुटलं?" कुणीतरी विचारतं.

पायथ्याशी हे बसलेत. पगडी, अंगरखा, उपरणं, हातात चिपळ्या, सगळा थाट. बसलेत ते नेमके पेटीवर.

"पेटीवर बसू नये," मी म्हणते.

"आता मला वजन नाही."

"जिवंतपणी तरी कुठे होतं?"

हे हसतात. जिवंतपणी असं बोलले असते तर दोन दिवस जेवले नसते. मेल्यामुळे माणूस सुधारतो की काय, असा विचार माझ्या मनात येतो, तेवढ्यात हे पाय पुढे करतात.

"नमस्कार कर. मध्यंतर आहे."

तशी पद्धतच आहे. कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा आहे तोवर तो नारद, आणि पूर्वरंग संपला की लहानथोर सगळे येऊन त्याच्या पाया पडतात. यांची सख्खी आईसुद्धा पडायची. खाट आता खाट राहिलेली नाही, देवळातली सतरंजी आहे, पण उशी माझीच आहे. गाभारा आहे तिथे आमच्या स्वयंपाकघराचा ओटा आहे आणि समई ठेवायच्या जागी मिक्सर. माणसांची रांग लागली आहे. एकेक जण वाकतो, यांच्या पायावर डोकं ठेवतो, उठतो, आणि माझ्याकडे वळून माझी बोटं बघतो. सगळ्यांत पुढे मंडळाचे कार्यवाह करमरकर. तो माणूस काल संध्याकाळी धडधाकट येऊन चहा पिऊन गेला, तो इथे काय करतोय कोण जाणे. मी नीट बघते तर करमरकरांना कान नाहीत. कानाच्या जागी गुळगुळीत कातडी. मागच्याला नाहीत, त्याच्या मागच्या बाईलाही नाहीत, कुड्या नुसत्या गालावर चिकटवल्यात. डोळे मात्र सगळ्यांचे पुऱ्यांएवढे.

"बघ, गर्दी कशी आहे," हे म्हणतात.

"चांगली आहे. तुमच्या लायकीची आहे."

"उद्या याच्या दुप्पट होईल. पेटी काढ."

"कशाला?"

"उद्या तू बसायचंस निरंजनच्या साथीला."

"मी नाही बसत आता. बोटं दुखतात."

"बोटांचं काय काम आहे? बोट ठेवायचं काळी दोनवर आणि खालून फळी सरकवायची. पोरगं सुखाने गाईल, त्याचा गळा वाचेल, आणि लोक म्हणतील, बापाची कृपा मुलावर उतरली."

मी उठून बसते. रांगेतले सगळे डोळे माझ्याकडे वळतात.

"काय म्हणालात?"

"कृपा उतरली."

"त्याच्या आधी."

"फळी सरकव म्हणालो," हे म्हणतात, जसं काही मीठ दे म्हणाले.

आम्ही एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये बसलो आहोत. कुठलं गाव ते कळत नाही, पण टेबल ओलं आहे आणि माझ्या मांडीवर पेटी आहे, म्हणजे कीर्तनाच्या दौऱ्यावरच असणार. बाहेर कर्णा ओरडतोय, गाड्यांची नावं सांगायच्या ऐवजी कुणीतरी सारखं 'सा, सा' म्हणतंय. हे बशीत चहा ओततात. पगडी शेजारच्या खुर्चीवर ठेवली आहे, तिच्यासमोरही एक कप आहे.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारते.

"पहिल्याच दिवशी. नमनालाच."

"कसं?"

"अगं, गळा माझा आहे. सूर छातीत कुठे वाजतोय ते मला कळणार नाही? डोक्यात वाजायचा तो एकदम इथे वाजला." हे छातीवर बोट ठेवतात. "म्हटलं, ही काहीतरी करून बसली आहे."

गाणाऱ्याला पट्टी अंगात कळते, हे मलाही ठाऊक आहे. इतक्या वर्षांत मला ते सुचलं नाही, कारण यांना मी गाणाऱ्यांत धरलंच नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

"मी कशी बोलणार? तुम्ही अनुष्ठान करून आला होतात. तोंडावर तेज घेऊन आला होतात. म्हटलं, असू दे बापड्याला."

"मीही तेच म्हटलं. असू दे बापडीला."

बशी सुर्रकन संपते. हाच आवाज. याच आवाजावर माझं आयुष्य गेलं.

"आणि ते गावोगाव हात वर करून ओरडत होतात ते काय होतं? महाराजांनी परत दिली म्हणून?"

"दिलीच की. तुझ्या हातून दिली. कृपा आकाशातून थोडीच पडते, कुणाच्या तरी हातूनच येते."

"हे निरूपण देवळात करा. मग त्या हाताचं नाव एकदा तरी का नाही घेतलंत?"

"तुझं नाव घेतलं असतं तर चमत्कार कुठला राहिला असता?" हे अगदी समजुतीने सांगतात, लहान मुलाला बेरीज शिकवावी तसं. "देवाने केलं तर ती कृपा. बायकोने केलं तर ती सोय."

कर्ण्यावरचा सा थांबतो. मला राग येतो, म्हणजे किती येतो ते सांगता येत नाही. कानशिलं तापतात. अठरा वर्षं मी या माणसाला मूर्ख समजत होते आणि त्यात सुखी होते. माझ्या संसारातलं तेवढं एकच सुख खास माझं होतं. हे हात वर करायचे, मंडप रडायचा, आणि मी खाली मान घालून हसायचे की अरे वेड्या, तुझा देव इथे भाता हलवतोय. आणि हे सगळं यांना माहीत होतं. मी यांना मूर्ख समजत होते आणि हे मला सोय समजत होते. दोघंही शेजारी शेजारी बसून देवाच्या दारात एकमेकांना हसत होतो. थू असल्या भक्तीवर.

"निरंजनच्या घशातून रक्त येतंय," मी म्हणते.

"ठाऊक आहे. बघ ना."

समोर डॉक्टरांच्या खोलीतला पडदा आहे, घशात नळी घालून आतलं दाखवतात तो. कँटीनचं टेबल तसंच आहे, फक्त त्यावर कापूस आणि औषधांच्या बाटल्या. पडद्यावर निरंजनचा घसा. लालभडक, ओला, आणि आत दोन तंतूंवर तांदळाच्या दाण्यांसारख्या गाठी. रांग इथेही आलेली आहे. करमरकर पुढे होऊन पडद्यावर फूल वाहतात. कुणी बुक्का लावतं. मागची बाई हात जोडून म्हणते, "अगदी वासुदेवबुवांचा घसा हो!" दर वेळी बुक्क्याचं बोट लागलं की पडद्यावरचा घसा आवळतो आणि पलीकडून खोकला ऐकू येतो.

"हात काढा तिथून!" मी ओरडते. कुणाला ऐकू जाणार? कानच नाहीत.

"ऐक माझं," हे म्हणतात. आवाज बदललाय. कीर्तनातला घुमारा गेलाय, घरात ताप आला की लागायचा तसा बारीक आवाज. "माझाही मुलगा आहे तो. मला का बघवतंय? म्हणून तर म्हणतोय, पेटी काढ. एक रात्र हळूच सरकव. त्याला कळणारही नाही."

"कळेल. तुम्हाला पहिल्या दिवशी कळलं. त्याला तुमच्याहून बरे कान आहेत."

"कळलं तर गप्प बसेल. मी बसलो तसा."

"तेच नकोय मला!" मी मूठ टेबलावर आपटते, बाटल्या हलतात. "एकाला कृपेचा कारखाना काढून दिला तेवढा पुरे झाला. तो गप्प बसणार, मग हात वर करून ओरडणार, मग त्याच्या पोरी ते खरं मानून आपला घसा फाटेपर्यंत गाणार. मी त्याला सांगणार आहे. आज सांगणार आहे. फळी कशी सरकते ते दाखवून सांगणार आहे."

हे पगडी उचलतात, पण डोक्यावर ठेवत नाहीत, मांडीवर घेऊन बसतात. पगडीशिवाय यांचं डोकं किती लहान आहे हे मी विसरले होते. लोकांनी हे डोकं कधी पाहिलंच नाही. मी पाहिलंय, मी त्याला तेल चोळलंय.

"मग माझं काय राहील?" हे विचारतात.

"तुम्ही मेलात. तुमचं काय राहायचंय?"

"तेवढंच राहिलंय गं. गाणं तर केव्हाच गेलं. देव होता की नाही ते अजून कळलेलं नाही."

"अजून? आता तरी कळायला हवं होतं."

"इथे कुणी काही सांगत नाही," हे म्हणतात, आणि इतके खरे वाटतात की मला नवल वाटतं. "अनुष्ठानाला बसलो होतो तेव्हा आठवड्यातच कळलं होतं मला, काही होत नाहीये. मीठ नाही म्हणून तोंडाला पाणी सुटायचं, बाकी काही नाही. घरी आलो ते सांगायलाच आलो होतो, की कीर्तन सोडतो. आणि तू पेटी काढून बसली होतीस. नवी पेटी. म्हटलं, ही बाई माझ्यासाठी मिरजेला जाऊन आली."

"कुणी सांगितलं मिरज?"

"पेटीच्या आतल्या बाजूला कारागिराचं नाव होतं."

माझ्या तोंडावर काही येऊ नये म्हणून मी पडद्याकडे बघते. पडद्यावर आता काही नाही, नुसता आमचा भिंतीवरचा पोपडा.

"घसा बसला तुझा ओरडून," हे म्हणतात. कनवटीला हात घालून चांदीची लवंगांची डबी काढतात. "घे."

पन्नास वर्षं या डबीतली लवंग मला कधी मिळाली नाही. लवंग गाणाऱ्याच्या घशाला, पेटीवालीला काय करायची आहे? एकदा दापोलीकडे तापाने फणफणत साथ केली, तेव्हा मागितली होती, तर म्हणाले होते, मोजक्या आहेत. आता न मागता पुढे केली आहे. बक्षीस का आभार, काय असेल ते असो, फार उशिरा आलेलं आहे आणि फार लहान आहे.

"एकच?" मी म्हणते.

"मोजक्या आहेत," हे म्हणतात.

मी ती घेते आणि रागाने दाढेखाली टाकते.

पंखा फिरतोय. उन्हाची तिरीप पायांवरून भिंतीवर गेली आहे. दारात निरंजन उभा आहे, खांद्यावर पंचा, डोळे तारवटलेले.

"कुणाशी भांडत होतीस एवढी?" तो विचारतो. आवाज नाहीच, नुसती हवा.

मी उत्तर द्यायला तोंड उघडते, आणि जीभ भाजते. दाढेखाली काहीतरी आहे. बोटाने काढून बघते. लवंग. अख्खी, फूल शाबूत, नुसती दाताची एक खूण उमटलेली. निरंजनने महिनाभर घरात मसाल्याचा डबा उघडू दिलेला नाही. मी तिच्याकडे बघते, निरंजनकडे बघते, आणि लवंग परत तोंडात टाकते. फेकण्यासारखं काय आहे तिच्यात?

"ती पेटी काढ," मी म्हणते.

"अण्णांची?"

"माझी. पेटी माझी होती. काढ."

तो खोळ काढतो. पेटीला नमस्कार करतो, तो केल्याशिवाय कसं चालेल? मी खाली सतरंजीवर बसते, गुडघे कुरकुरतात, भाता उघडते.

"काळी दोनवर बोट ठेव. दाबून धर. काढू नकोस."

तो बोट ठेवतो. सूर निघतो, बंद राहून थोडा धुळकट झालेला. निरंजन मान हलवतो. मग चमकून माझ्याकडे बघतो. खोली सुरात भरली आहे आणि त्याच्या कपाळावर आठी पडली आहे, कारण रोज ज्या काळी दोनवर तो डोकं आपटतो तो हा सूर नाही.

"ही उतरलीये," तो म्हणतो. "बंद राहून उतरली असेल."

"बंद राहून पेटी तीन खाचा उतरत नाही. हात बघ माझा."

मी फळी धरून वर सरकवते, एक खाच. त्याचं बोट तिथेच, सूर चढतो. दुसरी खाच. तिसरी. आता वाजते ती त्याची काळी दोन, उंच, कडक, निर्दय. मग मी परत खाली आणते, एकेक खाच, सावकाश, त्याला मोजता यावी अशी. बोट जागचं हललेलं नाही. तो बोटाकडे बघतो, माझ्या हाताकडे बघतो, मग डोळे मिटून नुसतं ऐकतो. मला बरं वाटतं. कान आहेत पोराला.

मी सगळं सांगते. अनुष्ठान, मिरज, पहिली खाच, दुसरी खाच, तिसरी खाच. तो मध्ये एकदा पेटीवरून हात काढून मांडीवर ठेवतो, पुन्हा पेटीवर ठेवतो.

"आता गा," मी म्हणते. "इथून. पांढरी एक आहे ही."

तो घाबरत सा लावतो. पहिल्यांदा घोगरा येतो. दुसऱ्यांदा लागतो. बिजागरी नाही, गाठ नाही, नुसता एका पुरुषाचा बऱ्यापैकी आवाज. असामान्य वगैरे काही नाही. पण त्याचा आहे. तो तीन-चार वेळा लावून बघतो आणि घशाला हात लावतो, जखम चाचपावी तसा.

"उद्या लोक काय म्हणतील?"

"लोक बोटं बघतील. उद्या मी बसते पेटीवर, आणि बोट सरळ पांढरीवर ठेवते. बघू देत डोळे फाडून. आणि कीर्तन झालं की महिनाभर तोंड बंद, डॉक्टर सांगतील तसं. आज रात्री आमटी खा, मीठ घालून."

तो हसल्यासारखं करतो. मग हसू जातं. मला माहीत होतं ते येणार. भाता मिटून मी वाट बघते.

"आई," तो विचारतो, "अण्णांना माहीत होतं?"

त्याचे डोळे माझ्यावर आहेत. हा अजूनही त्या माणसाचा मुलगा आहे, आणि उद्या याला त्याच गादीवर उभं राहून त्याच माणसाच्या नावाने गायचं आहे. लवंगेने जीभ बधिर झाली आहे. ती मी गालात सारते.

"त्यांना?" मी म्हणते. "त्यांना कुठलं कळतंय! मी देईन त्या सुरात गायचे आणि महाराजांनी दिला म्हणून नाचायचे. भोळा होता तुझा बाप. ठार भोळा."

निरंजनच्या डोळ्यांत पाणी येतं आणि महिनाभरात पहिल्यांदा त्याचा चेहरा सैल होतो.

"होतेच अण्णा तसे," तो म्हणतो, आणि म्हणतो ते चांगलं अभिमानाने.

मी लवंग कडकन चावते आणि पेटीला खोळ घालते.